तांबेकर वाडाही दाखवा

महोदय,
स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या तीन दिवसांच्या सुट्टीत पुण्याहून माझी आत्तेबहीण सहकुटुंब बडोद्याला आली होती. पहिला दिवस लक्ष्मी विलास राजवाड्यातच संपला. १८९० साली पूर्ण झालेली ती वास्तू, आतली राजा रविवर्म्याची चित्रं. मुलं दमली, मोठी माणसं नाही. दुसऱ्या दिवशी सयाजीबाग, तिथलं संग्रहालय आणि कीर्ती मंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं.

तिसऱ्या दिवशी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचं हे राहतं घर. लाकडी खांबांचा मराठी वाडा, आणि भिंतींवर १९व्या शतकातली चित्रं: महाभारतातले प्रसंग, कृष्णलीला, इंग्रज-मराठे लढाया. बहीण एकेका भिंतीपुढून हलेना. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं," एवढंच म्हणाली.

खरं आहे तिचं. वाडा शोधताना आम्हाला तीनदा विचारावं लागलं. जवळच्या दुकानदारालाही आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. बाहेरगावचा माणूस राजवाडा पाहून परततो, यात त्याचा दोष नाही.

माझी विनंती एवढीच आहे : रावपुऱ्याच्या मुख्य रस्त्यावर वाड्याकडे नेणारा ठळक फलक लावावा, गुजरातीबरोबर मराठीतही. आणि इथल्या मराठी कुटुंबांनी, पाहुणे आले की त्यांना एक सकाळ तरी तिकडे न्यावं. दिवाळीच्या सुट्टीआधी हे झालं तर फार बरं होईल.

- एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा