त्या एका बाइटबद्दल आभार

नमस्कार,

डिसअसेंबलरमधल्या (मशीन कोडच्या बाइटांवरून इन्स्ट्रक्शन ओळखणाऱ्या साधनातल्या) मेमरी गळतीवरची तुमची दुरुस्ती लावून आज 16 दिवस झाले. प्रोग्रॅम एकदाही पडलेला नाही, मेमरी 210 एमबीच्या आसपास टिकून आहे. खरं तर पहिल्याच दिवशी लिहायला बसले होते, पण रोग खरंच गेला का, ही धास्ती मनातून हटत नव्हती.

पाच महिने हेच चाललं होतं. संध्याकाळी फायली लावायच्या, पहाटेपर्यंत मेमरी चढत चढत 8 जीबीला भिडायची आणि मेमरी संपली की प्रोसेस बंद पाडणारा लिनक्सचा ओओएम किलर माझा प्रोग्रॅम मारून टाकायचा. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. रॅम वाढवा. दर चार तासांनी रिस्टार्ट करा. एकाने तर तक्रार पुरती न वाचताच सांगितलं, ‘तुम्हीच मेमरी फ्री (मोकळी) करायला विसरत असाल.’ ते फार लागलं मला. आठवडाभर मी स्वतःचा कोड ओळ न ओळ तपासला. डिसअसेंबलरने दिलेली प्रत्येक इन्स्ट्रक्शन फ्री होत होती, तरी वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय.

मग तुमचा निरोप आला. त्यात दुरुस्ती नव्हतीच. एवढंच होतं: ‘64 बिट मोडमध्ये 06 हा एकच बाइट एक लाख वेळा द्या आणि मेमरी बघा. आधी तुम्ही स्वतः बघा, दुरुस्ती मागाहून पाठवतो.’

मी 40 एमबीची फाइल पाठवली होती. ती कापत कापत तुम्ही एका बाइटवर आणलीत! 32 बिटमध्ये 06 म्हणजे पुश ईएस ही इन्स्ट्रक्शन. 64 बिटमध्ये अशी इन्स्ट्रक्शनच नाही. डिसअसेंबलर तपशिलासाठी आधी मेमरी घ्यायचा, आणि बाइट ओळखता आला नाही की तिथूनच माघारी फिरायचा. घेतलेली मेमरी तशीच पडून. माझ्या फायलींत कोडच्या मधेमधे जंप टेबलं आणि स्ट्रिंगा असा कोड नसलेला डेटा पसरलेला, त्यामुळे असे न ओळखलेले बाइट पावलोपावली. बाकीच्यांनी व्हॅलग्रिंड (मेमरीची गळती शोधणारं साधन) चालवलं ते स्वच्छ फायलींवर. त्यांना गळती दिसणार कुठून?

मी दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, लूप लावला आणि आकड्याकडे बघत बसले. 4 एमबी, 30, 90, दीडशे. त्यात माझा कोड जवळजवळ नव्हताच. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. तुम्ही दुरुस्ती थेट पाठवली असती तरी माझं काम झालं असतं, पण ‘आपलंच चुकतंय’ हा सल मनात राहिला असता. तो काढायचं तुम्हाला सुचलं. अनोळखी माणसाचं म्हणणं आधी खरं धरायचं, त्याच्या फाइलसाठी आपली रात्र घालवायची आणि वर त्याला कमी लेखायचं नाही, इतका चांगुलपणा माझ्या वाट्याला फार थोड्या वेळा आला आहे.

दुरुस्ती एका ओळीची निघाली: परत फिरण्याआधी फ्री. ती मी वाचली, पण तुमचा तो निरोप किती वेळा वाचला याची मोजदाद नाही.

06 ची ती चाचणी आता आमच्या प्रत्येक बिल्डमागे चालते. वर कॉमेंटमध्ये तुमचं ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं आहे: ‘आधी तुम्ही स्वतः बघा.’

मनापासून आभार.