वाट बघण्याची फी कोण मोजणार?

महोदय,

मी एसटीतला निवृत्त वाहक. हिशेबाची सवय हाडात मुरलेली, म्हणून थोरल्या मुलीच्या शिक्षणाचा खर्चही वेबिलासारखा एका वहीत टिपून ठेवला आहे.

शिक्षक व्हायला किती पैसे लागतात म्हटलं की लोक फीचा आकडा सांगतात. माझ्या वहीत फी पहिल्या दोन पानांत संपते. बीएस्सी झालं, बी.एड.साठी पतसंस्थेचं कर्ज काढलं, तेही फिटलं. पुढची पानं मात्र नुसती वाट बघण्याची आहेत.

मुलगी २०१८च्या उन्हाळ्यात बी.एड. झाली. शिक्षकभरतीसाठी लागणारी अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७मध्ये होऊन गेली होती. पुढची कधी झाली? थेट फेब्रुवारी २०२३मध्ये! मधली वर्षं तिने एका खासगी शाळेत सात हजारांवर काढली. सही करायची ती वेगळ्याच आकड्यापुढे. लॉकडाऊनमध्ये तर सातातलेही निम्मेच हातात पडले. दोनदा सोयरीक जुळत आली आणि ‘नोकरी पक्की झाल्यावर बघू’ म्हणत पाहुणे गेले. हे वहीत कोणत्या रकान्यात लिहायचं?

२०२४मध्ये पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून, तिची नेमणूक झाली, पालघर जिल्ह्यात मोखाड्याकडे. आम्ही सांगलीचे. आता तीन वर्षं ती शिक्षणसेवक, म्हणजे पगाराऐवजी ठरावीक मानधनावरची शिक्षिका, मानधन महिना १६ हजार. त्यातून खोलीभाडं, जाणं-येणं. २०२३च्या आधी हेच मानधन सहा हजार होतं, त्यामुळे तक्रार करायलाही जीभ रेटत नाही. पूर्ण वेतनश्रेणी मिळेल तेव्हा ती एकतीस वर्षांची असेल. त्या वयात माझी नऊ वर्षं नोकरी झाली होती, आणि मी फक्त दहावी पास.

सोडून दे म्हणायची मात्र छाती होत नाही. परवा तिने व्हिडिओ दाखवला. सहावीची पोरं सुतळी धरून शाळेचा व्हरांडा मोजत होती, आणि एकीचं क्षेत्रफळ चुकलं म्हणून सगळी परत पहिल्या खांबापासून मोजायला लागली. हिचा आवाज मागून येत होता, ‘घाई नाही, घाई नाही.’

धाकटी आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिलाही बी.एड. करायचंय. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफी आहे. चांगलं झालं, मी सरकारचे आभारच मानतो. पण थोरलीने वही तिच्यापुढे ठेवली तेव्हा पोरीने फीचं पान उघडलंसुद्धा नाही. चाचण्या २०१७, २०२३ आणि २०२५मध्ये झाल्या हे तिला पाठ आहे. तिने एवढंच विचारलं, ‘मी पास होऊन बाहेर पडेन त्या वर्षी परीक्षा असेल का?’

गाडी कधी सुटणार हे न सांगता मी कधी कुणाचं तिकीट फाडलं नाही. चाचणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्यायला शिक्षण विभागाला काय अडचण आहे, ते त्यांनी याच सदरात कळवावं. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा फॉर्म भरायच्या आत कळलं तर बरं.

– एक पालक, जि. सांगली