घड्याळ लावून पाहिलेलं घर

हॅरो, लंडन
९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. न.

दिवाळीच्या फोनवर बाबा, तुम्ही विचारलंत, "चांगला बसलेला संसार हलवून त्या रेडिंगला कशाला चाललात?" मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, तेवढ्यात चिऊने फोन ओढला आणि विषय तिथेच राहिला. तेव्हापासून मला चुटपुट लागली आहे. तुम्ही विचारलंत ते काळजीने, आणि त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नाही. आज रविवार. इथे साडेचारलाच अंधार झाला, चिऊ लवकर झोपली, म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसले आहे.

हॅरो सोडताना वाईट वाटतंय, हे आधी सांगते. खाली उतरलं की गुजराती दुकान, त्यात कोथिंबिरीची जुडी, अळूची पानं, अगदी कढीपत्तासुद्धा. मेट्रोपोलिटन लाइनची गाडी मला थेट माझ्या ऑफिसपाशी, फॅरिंग्डनला सोडते, मध्ये बदल नाही. आणि डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ जवळ. १९३२ पासूनचं मंडळ आहे, बाबा. चिऊने पहिली आरती तिथेच ऐकली, झांजा मागून घेतल्या आणि परत द्यायला तयार नव्हती. रेडिंगहून तिथे जायचं म्हणजे दीड तासाचा प्रवास होईल. दर कार्यक्रमाला जमणार नाही, हे मला आत्ताच कळतंय.

पण तुमच्या जावयांचं ऑफिस रेडिंगला आहे, टेम्स व्हॅली पार्कात, आणि आठवड्यातून चार दिवस जावंच लागतं. हॅरोहून रेडिंगला सरळ गाडी नाही. आधी लंडनच्या आत यायचं, पॅडिंग्टनला गाडी बदलायची, मग पुन्हा बाहेर जायचं, आणि रेडिंगला उतरून बस. जायला एक तास पस्तीस मिनिटं, यायला तेवढीच. डोंबिवलीहून कल्याणला जायला कुणी आधी दादरला जात असेल तर आपण त्याला काय म्हणू? गाडी घेऊन बघितली, तर लंडनभोवतीच्या एम-२५ या मोठ्या रस्त्यावर सकाळी नुसती रांग. माझं ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस, पंचावन्न मिनिटांवर. तुम्हाला आवडतो तसा हिशेब मांडते: त्यांचे आठवड्याला १२ तास ४० मिनिटं, माझे ३ तास ४० मिनिटं. मिळून १६ तास २० मिनिटं आम्ही दोघं रस्त्यावर असतो.

तरीही आम्ही ते चालवत होतो. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी मात्र चिऊच्या नर्सरीतून साडेअकराला फोन आला: ताप १०२ च्या वर आहे, लगेच घेऊन जा. त्या दिवशी आम्ही दोघंही ऑफिसात होतो. मी तशीच निघाले आणि पोचले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. ती कोपऱ्यातल्या गादीवर कोट घालून, दाराकडे तोंड करून पडली होती. हे पोचले पावणेदोनला. काही गंभीर नव्हतं, दोन दिवसांत बरी झाली. पण त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की नवीन घर बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: शाळेतून फोन आला तर आपल्यापैकी एक जण किती मिनिटांत पोचेल?

आई, मी चौथीत असताना हात मोडला होता ते तुला आठवत असेलच. तू ठाण्याला शाळेत, बाबा फोर्टला. शेजारच्या काकूंनी मला उचलून डॉक्टरांकडे नेलं. बाबा साडेसहाला आले तेव्हा प्लास्टर वाळलं होतं. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही, काकू होत्या ना. इथे काकू नाहीत. शेजारी चांगले आहेत, पण मुलीला शाळेतून आणायचं तर नाव आधी लेखी द्यावं लागतं, आणि ते नाव कुणाचं द्यायचं हा प्रश्नच आहे.

म्हणून मग नकाशावर पॅडिंग्टन ते रेडिंग ही रेघ घेऊन बसलो. हेज, वेस्ट ड्रेटन, लँगली, स्लाव, मेडनहेड, ट्वायफर्ड, रेडिंग. बाबा, तुम्हाला ही लाइन दोन मिनिटांत समजेल, कारण इथेही आपल्यासारखंच स्लो आणि फास्ट आहे. एलिझाबेथ लाइन २०२२ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून रेडिंगहून थेट लंडनच्या पोटातून जायला लागली. ती बहुतेक सगळीकडे थांबते. मेन लाइनची फास्ट गाडी मात्र रेडिंगहून पॅडिंग्टनला साधारण पंचवीस मिनिटांत जाते. त्यामुळे लांबचं रेडिंग कधी कधी जवळच्या लँगलीपेक्षा जवळ पडतं, कारण लँगलीला फास्ट थांबत नाही. दिव्यापेक्षा डोंबिवली बरी असं तुम्ही म्हणायचात, ते हेच.

स्लाववर आम्ही बरेच दिवस अडकलो होतो. दोघांच्या साधारण मध्ये, फास्ट गाड्या, आपली माणसं, आपली दुकानं. शिवाय तिथे चार ग्रामर स्कूल आहेत. त्यांना अकराव्या वर्षी प्रवेश परीक्षा असते, आणि त्या परीक्षेसाठी लोक आधीपासून तिथे घरं घेतात. पण चिऊ अजून चार वर्षांचीही नाही. तिच्या सात वर्षांनंतरच्या परीक्षेवरून आत्ता घर ठरवायचं, हे माझ्या मनाला पटलं नाही. आणि दोघांच्या मध्ये म्हणजे खरं तर दोघांपासूनही लांब. स्लावला राहिलो तर मी फॅरिंग्डनहून तासाभरावर, हे टेम्स व्हॅली पार्कातून पन्नास मिनिटांवर. बेरीज बरी दिसते, आठवड्याला १० तास ४० मिनिटं. पण दोघंही ऑफिसात असताना शाळेचा फोन आला तर पन्नास मिनिटांच्या आत कुणीच नाही.

मेडनहेडला एक घर फार आवडलं होतं. नदीपासून जवळ, मागे सफरचंदाचं झाड. मग पोस्टकोड घालून सरकारचा पुराचा नकाशा बघितला आणि मी मागे हटले. मेडनहेडसाठी २००२ मध्ये पाणी वळवायला ज्युबिली रिव्हर नावाचा कालवा पुरा केला आहे, तो कामही करतो. पण २०१४ च्या फेब्रुवारीत खालच्या बाजूला डॅचेट, रेझबरीत घराघरांत टेम्स शिरली होती. २६ जुलै २००५ च्या दुसऱ्या दिवशी बाबा, तुम्ही रुळांवरून चालत घरी आलात, तेव्हाची तुमची चप्पल मला अजून आठवते. नदीकाठच्या घराचं मला कौतुक वाटूच शकत नाही. हे म्हणाले, उगाच घाबरतेस. असेन घाबरत.

राहिलं रेडिंग. तिथे तुमची गोष्ट कामी आली. १९८७ साली डोंबिवलीची जागा घेण्यापूर्वी तुम्ही तीन दिवस घड्याळ लावून बिल्डिंग ते स्टेशन चालला होतात, पुलाच्या पायऱ्यांसकट. एजंट म्हणाला होता पाच मिनिटं, निघाली चौदा. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की दादा आणि मी हसायचो. आता मी तेच केलं. ऑफिसच्या एका दिवशी आदल्या रात्री रेडिंगला मुक्काम केला आणि सकाळी ७.०५ ला आम्ही बघितलेल्या घराच्या दारात जाऊन उभी राहिले. बसथांब्यापर्यंत सहा मिनिटं. गडद लाल रंगाची २१ नंबरची बस, स्टेशनवर ७.३८. फास्ट ७.४६ ची, पॅडिंग्टन ८.१२. मग खाली एलिझाबेथ लाइनवर उतरायचं, तिथले सरकते जिने लांबलचक आहेत, तेही धरले. फॅरिंग्डन ८.२८, ऑफिसचं दार ८.३४. एक तास एकोणतीस मिनिटं. जाहिरातीत सगळीकडे "लंडन २५ मिनिटं" असं लिहिलेलं असतं.

म्हणजे माझा प्रवास वाढणार, आणि तो मी विचार करून घेतला आहे. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास, मिळून सहा तास. हे मात्र सायकलने पंधरा मिनिटांत ऑफिसात, आठवड्याला दोन तास. सोळा तास वीस मिनिटांचे आठ तास झाले. त्याहून मोठी गोष्ट ही की शाळेपासून बाप पंधरा मिनिटांवर, आणि आठवड्यातले तीन दिवस मी घरातच. वर्षाच्या पासाला पाच हजार पौंडांच्या वर पडतात, पण तो मला लागत नाही. २८ दिवसांत ८ दिवस प्रवास करायचा पास मिळतो, तो दोन दिवसवाल्यांना बरोबर बसतो.

घाई का, तेही तुम्ही विचारलंत. इथे मूल चार वर्षांचं झालं की त्या सप्टेंबरात रिसेप्शनमध्ये जातं, आपल्या मोठ्या शिशूसारखं. चिऊ मार्चमध्ये चार पूर्ण करेल, म्हणजे सप्टेंबर २०२६. अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी. अर्ज राहत्या पत्त्याच्या कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे करायचा, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की भावंडं वगैरे झाल्यावर घर ते शाळा हे अंतर बघतात. लहान वर्गात एका शिक्षकामागे तीसच मुलं, कायद्याने. त्यामुळे एका रस्त्याच्या फरकाने जागा जाते. प्रत्येक शाळेने मागच्या वर्षी शेवटचं मूल किती अंतरावरून घेतलं ते बघायला मिळतं. मी ते आकडे वहीत उतरवले आणि नकाशावर कंपासने वर्तुळं काढली. चिऊने त्यांना डोळे काढले.

यात एक फसगत होता होता वाचलो. आम्ही बघतोय तो भाग लोअर अर्ली. पत्त्यात रेडिंग लिहितात, पोस्टकोड रेडिंगचा आरजी ६, पण कौन्सिल वोकिंगहॅमची! मी रेडिंग कौन्सिलचा अर्ज भरायला घेतला होता. घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स तोही वोकिंगहॅमला. निकाल १६ एप्रिलला लागतो. बाबा, ही तारीख तुम्हाला सांगायला नको. १८५३ साली त्याच दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. मी हा शुभशकुन धरून चालले आहे.

एक घर मात्र सोडलं. रविवारी दुपारी बघितलं तेव्हा एकदम शांत वाटलं. मंगळवारी रात्री आठला पुन्हा गेलो तर एम-४ चा आवाज, समुद्रासारखा, पण न थांबणारा. लोअर अर्लीच्या दक्षिणेच्या कडेनेच तो रस्ता जातो. आता जे ठरतंय ते उत्तरेकडे, विद्यापीठाच्या बाजूला.

आणि हो, भाड्याने घेतोय, विकत नाही. तुमचं म्हणणं मला पाठ आहे, भाडं म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे. पण वर्षभर राहिल्याशिवाय गाव कळत नाही. हिवाळ्यात बस वेळेवर येते का, चिऊला शाळा मिळते का, यांची नोकरी तिथेच राहते का, हे बघू दे. पहिलं घर घेणाऱ्याला इथे तीन लाख पौंडांपर्यंत स्टँप ड्यूटी नाही, त्यापुढे पाच लाखांपर्यंतच्या रकमेवर पाच टक्के लागते. चुकीच्या जागी ती भरून वर्षात पुन्हा हलायचं, हे परवडणार नाही. भाड्याच्या पत्त्यावरही शाळेचा अर्ज चालतो, फक्त खरोखर तिथे राहत असलं पाहिजे.

आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार केला आहे. इथल्या घरांत झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर वर असतात, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी आधी खालचा संडास बघितला. या घरात खाली आहे, आणि मागची छोटी खोली तुमच्या दोघांची होईल. तिच्या खिडकीतून पाखरं दिसतात. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट धड आहे, तू खुशाल फोडणी कर. सामान ऑक्सफर्ड रोडवर मिळतं. अळू दिसलं नाही अजून, शोधते. बस घराजवळून विद्यापीठावरून थेट स्टेशनला जाते, रॉयल बर्कशर हॉस्पिटल गावातच आहे. बाबा बसचं वेळापत्रक दोन दिवसांत पाठ करतील.

व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो. मे महिन्यात यायचं बघा, तेव्हा दिवस मोठे असतात. पण तिकीट आत्ता काढू नका. करारावर सह्या व्हायच्या आहेत, घरमालकाने डिसेंबरचा पहिला आठवडा सांगितला आहे. चावी हातात आली की फोन करते, नवा पत्ता त्यात सांगेन.

आणि बाबा, तुमच्या त्या जुन्या वहीत ८७ चे आकडे अजून असतील तर त्या पानाचा फोटो दादाला काढून पाठवायला सांगा. माझ्या वहीत शेजारच्या पानावर लावायचा आहे.

चिऊचा गोड पापा.

तुमची लेक