जवानाच्या घरच्या फोनचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला डिजिटल बोर्ड लागला. कोल्हापुरात बोर्डाचं अप्रूप नाही, बैलाच्या वाढदिवसाचेही लागतात. पण हा सुट्टीवर आलेल्या जवानाचा होता. गणवेशातला फोटो, खाली युनिटचं नाव, सध्याच्या पोस्टिंगचं गाव आणि चक्क मोबाइल नंबर. मी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या शाखेत, बावीस वर्षं काढली, असल्या बोर्डाखालून गप्प जाता येत नाही. जवानाच्या वडलांना गाठलं तर म्हणाले, "अवो, त्यात काय लपवायचं? रोज व्हिडिओ कॉल असतोय."

आमच्या वेळी घरच्या पत्रावर 'केअर ऑफ ५६ एपीओ', म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाचा नंबर, एवढंच असायचं, ठिकाण नाही. आईला कैक वर्षं ते कुठल्यातरी थंडीच्या गावाचं नाव वाटायचं. वायरलेस सेटवर बोलताना माणसाचं नाव नाही, जागेचं नाव नाही. कॉलसाइन, म्हणजे ठरवून दिलेलं सांकेतिक नाव, घ्यायचा, चार शब्द बोलायचे, 'ओव्हर' म्हणून बटण सोडायचं.

आता सैन्यानं स्वतःचे 'संभव' फोन काढलेत. फाइव्ह-जीवर चालणारे, संभाषण कूटबद्ध करणारे. निरोप आणि कागदपत्रं पाठवायला त्यात व्हॉट्सॲपऐवजी 'एम-सिग्मा' आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनशी बोलणी सुरू असताना ते वापरले गेले. उत्तम झालं. पण २०२५ च्या सुरुवातीपर्यंत वाटप झालेले सुमारे ३०,००० संच अधिकाऱ्यांसाठी होते. जवान घरी बोलतो ते बाजारातल्या मोबाइलवरून, बाजारातल्या सिमवरून.

त्यात तो काही गुपित फोडत नाही. पोरीचा ताप उतरला का, उसाचं बिल जमा झालं का, एवढंच विचारतो. आणि जाता जाता सांगतो, "उद्यापासनं चार-पाच दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नको." धोका या वाक्यात आहे. आपल्याकडं एकेका गावात एकाच पलटणीतली पाच-सहा पोरं असतात. एकाच संध्याकाळी सहा घरांत हेच वाक्य आलं आणि रात्री भावकीच्या ग्रुपवर पडलं, की पलटण हलली हे समजायला हेर लागत नाही.

शिवाय मोबाइल बोलत नसतानाही टॉवरला हजेरी देत असतो. कूटबद्ध केल्यानं शब्द झाकले जातात, फोन कुठं आहे ते नाही. १ जानेवारी २०२३ च्या मध्यरात्री रशियाच्या ताब्यातल्या माकिव्का शहरात सैनिकांच्या मुक्कामावर युक्रेनची रॉकेटं पडली. ८९ जण गेल्याचं खुद्द रशियानं सांगितलं आणि बंदी मोडून वापरलेले मोबाइल हे मुख्य कारण दिलं. म्हणजे पुढच्या ठाण्यावर फोन बंदच हवा, 'संभव' असला तरी.

मागं राहिलेल्या छावणीत मात्र नुसत्या बंदीनं भागत नाही. २०२० मध्ये सैनिकांनी मोबाइलमधून फेसबुकसकट ८९ ॲप काढायचा हुकूम निघाला होता. पण बायको-पोरांशी बोलण्याची ओढ हुकमानं कशी जाईल? म्हणून सरकारकडं मागणी एकच : सैन्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरून चालणारी घरच्या कॉलची सोय प्रत्येक जवानाला द्या, घरचे दोन नंबर त्याला जोडून. वेळ युनिटनं ठरवावी. पलटण हलणार असेल तेव्हा 'आज लाइन नाही' हे यंत्रानंच सांगावं, आणि एरवीही अधूनमधून सांगावं, म्हणजे कुणाला त्यातून अंदाज बांधता येणार नाही. पोराच्या तोंडून ते वाक्य यायलाच नको.

बोर्ड अजून तिथंच आहे. मोबाइल नंबरावर मी पांढरी पट्टी चिकटवली. युनिटचं नाव वर आहे, तिथवर हात पोचला नाही.

– एक निवृत्त हवालदार, टेंबलाईवाडी, कोल्हापूर