फायबरवाल्या काकांना जाहीर आभाराचं पत्र

काका, सा. न. वि. वि.

माझ्या फायबरच्या होडीत फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, तुम्ही बसवून दिलंत. मजुरी विचारली तर "रेझिनचे तेवढे दे" म्हणालात. तेव्हा आभार तरी चारचौघांत मानू द्या. मालवण-देवबागकडे गळ टाकून गरवायला जाणारे बरेचजण हल्ली फिश फाइंडर घेतायत, त्यांच्याही कानावर जाईल.

दुकानात सांगितलं होतं, सेन्सर (ध्वनी सोडणारा, झेलणारा भाग) होडीच्या तळाला भोक पाडून आरपार बसवा, चित्र सगळ्यात स्वच्छ येतं. ते खोटं नाही. बंदरात कायम पाण्यात असणाऱ्या ट्रॉलरला तेच बरं. तुम्ही मात्र यंत्राकडे बघितलंच नाहीत. विचारलंत, "होडी रात्री ठेवतोस खंय?" वाळूवर म्हटल्यावर भोकाचा विषय तिथेच मिटला. रोज ओंडक्यांवरून ओढायची होडी, तिच्या तळाखाली बोटभर काही बाहेर आलं तर टिकणार किती? मागच्या फळीवर पट्टी मारून लावायचा विचारही तुम्ही मोडीत काढलात. ढकलायला माणसं तिथेच खांदा लावतात, आणि पंख्याचा फेस सेन्सरखाली आला की पडद्यावर नुसता कचरा.

उरलं आतून चिकटवणं. त्यातही तुम्ही घाई केली नाहीत. आधी रुपयाच्या नाण्याने तळ ठोकत गेलात. भरीव फायबरवर टणटणीत आवाज, आत फोम असेल तिथे बोदा. फोममध्ये हवा असते, त्यातून ध्वनी पार जात नाही, हे तेव्हा कळलं. मग पावसाळी मासेमारी बंदी लागायच्या आधी होडी पाण्यात घालून सेन्सर बाहेर पाण्यात हातात धरलात: खोली आठ वाव, म्हणजे अठ्ठेचाळीसेक फूट. त्याच जागी तो पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून आतून तळाला टेकवलात: पुन्हा आठ. इंजिन जोरात सोडल्यावरही तळाची रेघ तुटली नाही, तेव्हा कुठे पेन्सिलीने खूण केलीत.

इपॉक्सी ढवळतानाचा तुमचा हात अजून डोळ्यांसमोर आहे. इतका सावकाश की मला वाटलं, भांड्यातच सुकतंय. "एक बुडबुडा रवलो तर मासो नाय, बुडबुडोच दिसतलो," म्हणालात. घासून पुसलेल्या जागेवर पातळ थर ओतलात आणि सेन्सर दाबून हळूच पिळलात, तशी कडेने हवा निघाली. वायरही इंजिनाच्या वायरींपासून लांब, दुसऱ्या बाजूने नेलीत. उरलेली गुंडाळून ठेवलीत, कापू दिली नाहीत.

थोडं नुकसान आहे, तेही तुम्ही आधीच सांगितलं होतं. पाण्याचं तापमान बघायची सोय गेली, यंत्र आता होडीच्या तळाचंच तापमान दाखवतं. खोल पाण्यात चित्र जरा फिकं पडतं. पण मी तांबोशी माशासाठी खडपाच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकाच्या, कडेला जाणारा माणूस, मला तळ कुठे चढतो ते दिसलं की झालं. आणि ते स्वच्छ दिसतं.

एक काम अजून आहे. चुलतभावानेही यंत्र घेतलंय आणि माझं बघून आतून चिकटवायचं म्हणतोय. त्याची होडी लाकडी. लाकडातून हे चालत नाही, असं तुम्हीच बोलला होतात, पण माझं तो ऐकत नाही. रविवारी त्याला तुमच्याकडे पाठवतो. नाणं घेऊनच बसा.

आपला,
देवबागचा फायबर होडीवाला