गटाराची बातमी कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाझातील रुग्णालयांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात सातत्याने येतात. त्या यायलाच हव्यात. पण शहराचे आरोग्य निम्म्याहून अधिक रुग्णालयाबाहेर सांभाळले जाते: पाण्याच्या पंपावर, मैलापाणी केंद्रात, कचऱ्याच्या गाडीवर. त्याबद्दल मात्र क्वचितच वाचायला मिळते. पालिकेच्या आरोग्य खात्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे मला ते जास्त खटकत असेल.

जून 2024 मध्ये खान युनिस आणि देर अल-बलाह येथील सांडपाण्याचे नमुने घेतले गेले. जुलैत त्यात टाइप 2 पोलिओ विषाणू असल्याचे जाहीर झाले. तो लशीतल्या दुबळ्या विषाणूपासूनच उपजलेला होता. लसीकरण मागे पडले आणि मैला उघड्यावर वाहू लागला की हा विषाणू मुलामुलांतून फिरत पुन्हा जोर धरतो. युद्धापूर्वी गाझात लसीकरण जवळपास शंभर टक्के होते, हे विशेष. ऑगस्टमध्ये देर अल-बलाहचे दहा महिन्यांचे, एकही डोस न मिळालेले बाळ पोलिओनेच लुळे पडल्याचे निष्पन्न झाले. गाझापट्टीतला 25 वर्षांतला हा पहिला रुग्ण.

पुढे जे झाले त्याला मात्र दाद द्यावी लागेल. 1 सप्टेंबरपासून ठरावीक तासांपुरता गोळीबार थांबवून बारा दिवसांत दहा वर्षांखालील साडेपाच लाखांहून अधिक मुलांना दोन-दोन थेंब पाजले गेले. ज्यांनी पल्स पोलिओचा बूथ चालवला आहे त्यांनाच यातली मेख कळेल. लशीच्या कुपीवर एक छोटा गोल आणि त्यात फिकट चौकोन असतो. लशीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो. गोलाच्या रंगाला आला की कुपी बाद. आमच्याकडे बर्फाचे पॅक उशिरा आले तरी धावपळ उडायची. तिथे वीजच नव्हती, आणि घरोघर जावे तर घरे उरली नव्हती.

ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या फेरीत बॉम्बहल्ल्यांमुळे उत्तर गाझाचे काम रखडले. 2 नोव्हेंबरला ते सुरू झाले ते फक्त गाझा शहरापुरते, आणि त्याच दिवशी शेख रदवान आरोग्य केंद्रावर हल्ला होऊन चार मुले जखमी झाली. थेंब पाजायला आणलेल्या मुलांच्या रांगेजवळ असे घडावे, याचे समर्थन कोणत्याही बाजूने करू नये. सांडपाण्यात विषाणू सापडतच राहिल्याने फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा सहा लाख मुलांना डोस द्यावे लागले.

पोलिओला निदान लस आहे. काविळीने आणि जुलाबांनी हजारो मुले आजारी पडली, त्यावर उपाय पंपाला डिझेल आणि कचऱ्याला जागा हाच. शहराबाहेरच्या क्षेपणभूमीपर्यंत गाड्या पोहोचेनात, म्हणून गाझा शहरात भर वस्तीतल्या फिरास बाजारात कचऱ्याचा डोंगर उभा राहिला.

आपल्याला हे परके वाटू नये. मुंबईच्या गटारांतले नमुने 2001 पासून पोलिओसाठी तपासले जात आहेत, तेही परळच्या प्रयोगशाळेत. देशातला नैसर्गिक (लशीतून न उपजलेल्या) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 मध्ये हावड्यात सापडला, तरी ही तपासणी थांबवलेली नाही.

म्हणून विनंती अशी की, युद्धविरामाची किंवा मदतीची बातमी छापताना किती ट्रक आत गेले यावर थांबू नये. त्यात डिझेल किती होते, कोणता पंप सुरू झाला, हेही आपल्या प्रतिनिधींनी विचारावे.

आपला,
एक निवृत्त पालिका कर्मचारी, मुंबई