सहीआधी कर्जाचं बघ

पुणे, रविवार

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालीस, "मला काही नको, नुसतं मोकळं व्हायचंय." तेव्हापासून जिवाला चैन नाही. कौटुंबिक न्यायालयात हे वाक्य मी कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलंय. दमलेलं माणूस असंच बोलतं. पण म्हणूनच हे पत्र लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

तू पाठवलेला तुझ्या नि अविनाशच्या परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा मसुदा वाचला. फ्लॅट अविनाशला, ईशा तुझ्याकडे, पोटगीचा हक्क तू सोडायचा, आणि गृहकर्जाबद्दल एकच ओळ: 'पुढील हप्ते पती भरेल.' मला भीती वाटते ती या ओळीची. कर्जाच्या करारावर सहकर्जदार म्हणून तुझी सही आहे. बँक तुमच्या घटस्फोटात पक्षकार नाही, त्यामुळे तुम्ही दोघांनी आपसात काहीही ठरवलं, अगदी कोर्टाच्या हुकूमनाम्यात लिहून घेतलं, तरी तुझ्याकडून बाकी मागण्याचा तिचा हक्क जात नाही. बाकी म्हणजे अर्धी नाही, सगळी. त्याने हप्ते थकवले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुझंही बिघडणार. उद्या स्वतःसाठी दोन खोल्या घ्यायला गेलीस की बँक ते आधी बघणार. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना घटस्फोटानंतर काही वर्षांनी अशीच नोटीस आली. घर केव्हाच त्यांचं राहिलं नव्हतं, कर्ज मात्र राहिलं होतं.

अविनाशच्या दुकानाच्या कॅश क्रेडिटचंही, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या बँकेच्या कर्जाचंही, तसंच. तिथे तू जामीन आहेस, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्याचं क्रेडिट कार्ड, मित्रांकडचे उसने पैसे, जिथे तुझी सही नाही ते मात्र तुझ्या अंगावर कुणी टाकू शकत नाही. सासूबाई काहीही म्हणोत, बायको म्हणून नवऱ्याचं वैयक्तिक कर्ज आपोआप तुझं होत नाही.

मग करायचं काय? एक तर अविनाशने फक्त स्वतःच्या नावावर नवं कर्ज काढून जुनं फेडावं. नाहीतर तुझं नाव कर्जातून काढल्याचं बँकेचं लेखी पत्र आणावं. दोन्ही जमत नसेल तर फ्लॅट विका, बँकेचे पैसे चुकते करा आणि उरेल ते वाटून घ्या. तुझा हिस्सा त्याला द्यायचाच असेल तर कर्जातून तुझी सुटका होईल त्याच दिवशी दे, आधी नाही. राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा-बायकोत करायचं तर आपल्याकडे मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार नि नोंदणीचा खर्च. पण त्यासाठी कायद्याने पती-पत्नी असायला हवं, म्हणजे ते हुकूमनाम्याच्या आधीच उरकायला हवं.

पण मुळात हिस्सा का द्यायचा, सुनंदा? तुझा पगार किराण्यात, ईशाच्या फीमध्ये, मामंजींच्या औषधांत गेला आणि त्याचा हप्त्यात. म्हणून आज कागदावर घर त्याने फेडलेलं दिसतं. गोव्यात लग्न झालं असतं तर चित्र वेगळं असतं. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून आलेला नियम आहे: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक, निम्मी-निम्मी. आपल्याकडे असं काही नाही. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि पुढे लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. याचा मला आजही संताप येतो. घरात जिरलेले कष्ट आपला कायदा मोजत नाही. तुझं नशीब इतकंच, की फ्लॅटच्या करारनाम्यावर तुझं नाव आहे. ते फुकट घालवू नकोस.

आणि सोनं. आईने तुला लग्नात घातलेल्या पाटल्या आणि तो चपलाहार दुकानासाठी गहाण पडलाय, आणि मसुद्यात त्याचा उल्लेखसुद्धा नाही! ते स्त्रीधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की त्यावर नवऱ्याची मालकी नाही, आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं की अडचणीत वापरलं तरी ते परत करणं त्याचं कर्तव्य आहे. लग्नातले फोटो, सराफाच्या पावत्या, गोल्ड लोनची चिठ्ठी, जे सापडेल ते बाजूला काढ. सोनं सोडवून तुझ्या हातात कधी देणार, याची तारीख मसुद्यात हवी.

घाई त्याला आहे, तुला नाही. परस्परसंमतीच्या अर्जात पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांची मुदत असते. कोर्ट ती माफ करू शकतं, पण तू माफी मागायची नाहीस. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हेही लक्षात ठेव. बँकेची कामं आणि सोन्याचा व्यवहार त्या काळात होऊ देत, आणि दुसऱ्या टप्प्यावरची सही त्यानंतर.

समुपदेशकांसमोर रडू आलं तर रड, लाज वाटू देऊ नकोस. फक्त रडता रडता "जाऊ दे" म्हणू नकोस.

आता एवढं कर. बँकेतून दोन्ही कर्जांचे उतारे आणि बाकी रकमेचं पत्र घे, तुझा सिबिल अहवाल काढ, आणि फ्लॅटचा करारनामा स्कॅन करून पाठव. मसुदा मी नव्याने लिहून देते. शनिवारी ईशाला घेऊन इकडेच ये, दोन दिवस राहा. मी गाडीवर घ्यायला येते, स्वारगेटला उतरलीस की फोन कर.

तुझी,
मेधा